दीडशे सीसी, चार बोटं

कोसमटोला, ता. तिरोडा
१८ नोव्हेंबर २००७

आदरणीय मामाजी,
सप्रेम जय भीम.

तुमची भाची वनरक्षक होऊन पाच महिने झाले आणि पाच महिन्यांत तिने तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, म्हणून तुम्ही रागावला असाल. रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा, कारण काम तुमच्याकडेच आहे. इथे मोबाइलला रेंज नाही. टेकडीवर एका ऐनाच्या झाडाखाली कधीमधी येते, पण तिथे उभं राहून तुमच्याशी बोलायचं म्हणजे बॅटरी आधी संपेल.

मला मोटारसायकल घ्यायची आहे. चालवता येत नाही. स्कूटी नको, मोटारसायकलच.

कारण ऐका. माझं बीट म्हणजे माझ्या ताब्यातलं जंगल. ते गावापासून सुरू होतं आणि सतरा किलोमीटरवर कुंडाजवळ संपतं. मी सायकलने जाते. सोबत वनमजूर मनीराम असतो, त्याच्याच घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली आहे. आम्ही अर्ध्या वाटेवर पोचतो तोवर परतायची वेळ होते. कुंड मी अजून पाहिलेलं नाही. माझ्याच जंगलाचं टोक मला माहीत नाही, हे बरं दिसतं का?

परवा आरएफओ साहेब, म्हणजे आमचे वनक्षेत्रपाल, आले होते. म्हणाले, ‘‘मॅडम, पंधरा फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी मी स्वतः येईन. स्वतःच्या गाडीने पूर्ण बीट फिरून दाखवा. नाही जमलं तर तिरोड्याला ऑफिसात टेबल रिकामं आहे, तिथे बसा. इथे दुसरा माणूस देतो.’’ रागाने नाही बोलले, म्हणून जास्त लागलं.

मामाजी, मला हे जंगल सोडायचं नाही. रोज पहाटे मला एकच स्वप्न पडतं. मी गाडीवर आहे, गाडीचा आवाज येत नाही, दोन्ही बाजूंनी मोहाची झाडं सरकताहेत आणि रस्ता संपतच नाही. मग दुर्पताबाई, म्हणजे मनीरामची बायको, दार वाजवते, ‘‘मॅडम, उठा जी, चहा थंडा होऊन राहिला.’’

तुमच्या हाताखालून हजारो गाड्या गेल्या. मी कोणती घेऊ?

तुमची भाची,
रश्मी


फुलचूर, गोंदिया
२९ नोव्हेंबर २००७

चि. रश्मीस,
मामाचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

कोणती गाडी घेऊ, हे तू गाडी विकणाऱ्याला विचारलं असतंस तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. तू केवळराम सीटवाल्याला विचारलंस. आता बस.

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवतो, पण स्वतः गाडी चालवत नाही, हे तुला ठाऊक आहे. सारं फुलचूर त्यावर हसतं. पण सीट शिवून झाली की मी गाडी स्टँडवर लावून तिच्यावर बसतो आणि डोळे मिटतो. पाचच मिनिटं. फोम कुठे टोचतो ते तेव्हाच कळतं, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. खरं म्हणजे मी तेवढ्यात कुठेतरी जाऊन येतो. गेल्या आठवड्यात आमगाव ओलांडून देवरीच्या घाटापर्यंत गेलो होतो, झाडांची सावली अंगावरून जाताना कळत होती. मग शेजारच्या गॅरेजवाला गुलशन ओरडला, ‘‘मामा, उतरो, गाडीवाला आ गया.’’ तेव्हा परत आलो.

तर शंभर सीसीची गाडी गुणाची. कमी पिते, हलकी असते, नवख्याला सांभाळून घेते. पण चढावर मागे माणूस बसला की दम टाकते. दीडशेची ताकदीची. तिला खडक काय आणि रेती काय. पण ती वजनदार, नवख्याच्या हातून पडली तर उचलणार कोण? सव्वाशेची या दोघींच्या मधली, आणि मधल्याचं कसं असतं, धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. बुलेटचं तर नावच काढू नको.

जानेवारीत नवी मॉडेलं येतात म्हणे. घाई करू नये. निवांत विचार करू. जेवत जा. कामठ्याला तुझी माय रोज तुझं नाव काढते.

तुझा मामा,
केवळराम


कोसमटोला
९ डिसेंबर २००७

मामाजी,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून मीही देवरीपर्यंत जाऊन आले. पण जानेवारीपर्यंत निवांत विचार केला तर शिकू केव्हा? उतावळी म्हणा, चालेल. मी ठरवून टाकलं आहे. दीडशेचीच.

काल एका ठेकेदाराचा मुनीम गावात आला होता, त्याची दीडशेची गाडी पाराजवळ उभी होती. विचारून तिच्यावर बसले. चालू केली नाही, नुसती बसले. तुमच्यासारखे डोळे मिटले. मुनीम म्हणाला, ‘‘काय मॅडम, झोपून राहिले का?’’ अख्खं गाव हसलं. पण मामाजी, त्या मिनिटभरात मी नाला ओलांडला होता.

नाल्याचंच कारण आहे. वाटेतल्या बाबाटोला वस्तीच्या पुढे नाला लागतो आणि त्याच्या पलीकडे दगडांचा उभा चढ आहे. माझ्या आधीच्या गार्डची शंभरची गाडी होती. मनीराम सांगतो की तो गार्ड दर वेळी तिथे उतरून गाडी ढकलायचा. उन्हाळ्यात आग लागली की मागे मनीराम, पाण्याची कॅन, झोडपायला फांद्या, एवढं सगळं घेऊन तो चढ चढायचा आहे. ढकलत बसले तर पलीकडचं जंगल राख होईल. वजनाचं म्हणाल तर मी मायबरोबर धानाची पोती उचलली आहेत. गाडी पडली तर उचलीन. नवी नको, जुनीच बघा. पहिली पडापडी जुन्या गाडीवर झालेली बरी.

अडचण एकच आहे. मुनिमाच्या गाडीवर बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. नुसते अंगठे लागत होते. उभ्या गाडीवरच जीव घाबरला. याला काय करायचं?

रश्मी


फुलचूर
२४ डिसेंबर २००७

चि. रश्मी,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. लग्नाचा हंगाम आहे, नवरदेवांना मखमली सीटा लागतात.

पाय टेकत नाहीत याला घाबरायचं नाही. गाडी माणसासाठी बनत नाही आणि माणूस गाडीसाठी बनत नाही. मध्ये सीट असते, ती दोघांना जुळवते. सीट उघडायची, फोम कापायचा, पुन्हा शिवायची. दोन्ही तळवे जमिनीला लागले की नवख्याची अर्धी भीती गेली. उरलेली अर्धी लागते, ती राहू द्यावी.

गुलशनने आमगावच्या एका मास्तरांची दीडशेची गाडी शोधली आहे. मी तिची सीट पाहून आलो. अगदी मधोमध दबली आहे, म्हणजे मास्तर सरळ बसणारे, गाडी वेडीवाकडी न हाणणारे. एका बाजूला दबलेल्या सीटची गाडी कधी घेऊ नये, हे लक्षात ठेव. पण रंग काळा आहे, उन्हात तापेल. अजून एखादी बघावी असं मला वाटतं. बघू.

तोवर तू एक कर. सुतळी घे. कंबरेच्या हाडापासून टाचेपर्यंत माप घेऊन तोड आणि ती सुतळीच पाठव. इंच-सेंटिमीटर लिहू नको, आकड्यात लोक चुकतात. मी सगळ्यांचं माप सुतळीनेच घेतो. सावकाश पाठव, घाई नाही.

मामा


कोसमटोला
३० डिसेंबर २००७

मामाजी,

सुतळी सोबत आहे. लिफाफा मनीराम उद्या तिरोड्याच्या बाजाराला जाताना टाकेल.

गाडी काळी तर काळी, मी तरी कुठे गोरी आहे? मास्तरांना होकार सांगा. आता बघू-बघू पुरे. पगारातून बाजूला टाकलेलं सगळं माय कामठ्याहून गुलशनदादाकडे पोचवेल, मी तिला लिहिलं आहे. ती नाही म्हणाली तर तुम्ही समजवा. तुमचं ती ऐकते.

रश्मी


कोसमटोला
२० जानेवारी २००८

मामाजी,
जय भीम.

गाडी पोचून दहा दिवस झाले. गुलशनदादा दोन दिवस राहिला. मनीरामची धानाची बांधी कापणीनंतर कोरडी पडली आहे, तिच्यात त्याने मला क्लच, गिअर, ब्रेक, सगळं शिकवलं. दोन्ही तळवे जमिनीला टेकले तेव्हा मी ओरडलेच. गावातली बायामाणसं बांधावर बसून बघत होती.

यापुढचं मायला सांगू नका.

बांधीतून बाहेर निघाले आणि माझ्याच्याने काही होईना. खड्डा आला की सीटखालचा पत्रा थेट हाडाला लागतो. उतारावर मी घसरून टाकीवर जाते. गुडघे इतके वर येतात की उजवा पाय ब्रेकवर वेळेत पोचत नाही. चार वेळा पडले. चौथ्यांदा नाल्यात. पाणी गुडघाभरच होतं, पण गाडी माझ्या पायावर होती आणि मनीराम येईपर्यंत मी तशीच पडून होते. वर झाडांच्या फांद्यांतून आभाळ दिसत होतं, आणि मला वाटलं, हेच ते स्वप्न, आणि ते असं संपतं.

पाय मोडला नाही, सुजला आहे. दुर्पताबाई रोज शेकते आणि माझ्यापेक्षा जास्त रडते, का ते कळत नाही.

गाडी चांगली आहे. सीट तुम्ही शिवलेली, तिला मी काय नाव ठेवू? खोट माझ्यातच आहे. काही जणांना येत नाही, तशी मी एक. साहेबांना चिठ्ठी लिहून ठेवली आहे की टेबल मला चालेल. येत्या तीस तारखेला ते तिरोड्याला आहेत, तेव्हा देईन. मास्तरांसारखा कोणी सरळ माणूस बघून गाडी विकून टाका.

तुमची,
रश्मी


फुलचूर
२४ जानेवारी २००८

रश्मी बेटा,

पत्र आत्ता हातात पडलं. लगेच लिहितो आहे. हा लिफाफा टपालात टाकत नाही, गुलशन आजच स्वतः घेऊन येतो आहे. ती चिठ्ठी देऊ नको. पूर्ण वाच, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी रुक्मा, तुझी माय, दुकानात आली होती. मला म्हणाली, ‘‘दादा, तिले नाही म्हणू नको, नाही म्हटलं का ती हट्टानं करते. नुसतं लांबव. फेब्रुवारी निघून गेला का पोरगी आपोआप टेबलावर बसते.’’ मी म्हटलं, कायले असं करतेस, पोरीची हौस आहे. तर म्हणाली, ‘‘मी जनमभर दुसऱ्याच्या बांधीत वाकून धानाचा रोवणा केला. माझी पोरगी खुर्चीवर बसाव, तिच्या डोक्यावर पंखा फिराव, एवढंच मागून राहिली मी.’’ एकुलती बहीण आहे. मी हो म्हटलं.

म्हणून ते शंभर की सव्वाशे, म्हणून जानेवारीतली मॉडेलं, म्हणून काळा रंग. सुतळीसुद्धा लांबवायलाच मागवली होती. मला वाटलं होतं, एवढ्यात महिना जाईल. तू सहा दिवसांत पाठवलीस.

तुझ्या कमाईचे पैसे रुक्माला अडवता आले नाहीत, आणि सुतळी हातात आली तेव्हा मलाही राहवलं नाही. मापाप्रमाणे फोम कापला. कापताना मनात आलं, रश्मी एवढी ठेंगणी कुठे आहे? पण सुतळी पुढ्यात असताना आठवणीवर कोण विसंबतो? अठ्ठावीस वर्षांत सुतळी चुकली नव्हती. गुलशन परत आला तेव्हा त्याने सांगितलं, ‘‘मामा, लडकी तो लंबी है. सीट बहुत कट गयी.’’

म्हणजे चूक कुठे आहे हे मला बारा तारखेलाच कळलं होतं. आणि मी गप्प बसलो. मनात म्हटलं, चला, रुक्माचं काम झालं, माझ्या हातून काही वाईट न होता झालं.

आज तुझं पत्र वाचलं. ‘खोट माझ्यातच आहे’ असं तू लिहिलंस. तेवढी एक ओळ मी पाच वेळा वाचली. पोरी, खोट सीटमध्ये आहे. त्या सीटवर मास्तरही पडले असते, गुलशनही पडला असता. दहा दिवस तू त्या पत्र्यावर बसून चालवलीस, हेच मला खरं वाटत नाही. टेबल घ्यायचं असेल तर खुशाल घे, चांगलं काम आहे. पण माझ्या कात्रीची चूक स्वतःची मानून ते घेऊ नको.

एवढं सांग, ते माप तूच घेतलं होतंस ना?

तुझा अपराधी,
केवळराम मामा


कोसमटोला
२७ जानेवारी २००८

मामाजी,

गुलशनदादा पत्र देऊन गेला. दिवसभर मी तुमच्यावर इतकी रागावले होते की दुर्पताबाईंनी दोनदा वाढलेलं ताट परत नेलं. राग अजून आहे. तरी लिहिते.

माप मीच घेतलं होतं. सुतळी गुंडाळून खिडकीत ठेवली होती. संध्याकाळी मी दुर्पताबाईंना सहज विचारलं, सुतळीला कोणी हात लावला का? त्या चुलीपुढे बसल्या होत्या, तिथेच मान खाली घालून बोलायला लागल्या, ‘‘मॅडम, मले मारा, पण ऐका. आमच्या घरात माणसाच्या अंगाचं माप सुतळीनं एकदाच घेतेत, शेवटी, खड्डा खणाले. जित्या पोरीचं माप टपालात कायले पाठवाव जी? मी तुमची सुतळी चुलीत टाकली. तिच्या जागी माझी ठेवली. माझं माप गेलं तर गेलं. मी म्हातारी होऊन राहिली.’’

मामाजी, त्या माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या आहेत.

माझ्यावर येणारं मरण त्यांनी आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि मी रोज पडून घरी येत होते, तेव्हा त्यांना वाटत होतं की तरीही टळलं नाही. म्हणून रडत होत्या. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. मग आम्ही दोघी हसलो. मनीराम दारात उभा राहून विचारत होता, ‘‘काऊन, झालं काय?’’

आज सकाळी दुर्पताबाईंनी आपली गोधडी आणली, घडी घातली, सीटवर दोरीने आवळून बांधली. म्हणाल्या, बसा. एक घडी काढली, पुन्हा बसवलं. मग मी बांधावरून निघाले आणि बाबाटोल्यापर्यंत गेले. पडले नाही. गुडघे जिथे असायला हवे तिथे होते. ब्रेक पायाखाली होता. परत आले ती हॉर्न वाजवतच.

चिठ्ठी फाडली आहे.

आता नवी सीट शिवा. सुतळी मात्र मागू नका. या घरातून ती मिळणार नाही.

रश्मी


फुलचूर
४ फेब्रुवारी २००८

चि. रश्मी,

सुतळी नको. गोधडीची घडी किती जाड होती ते सांग, असा निरोप मी परवा तिरोड्याच्या बसवाल्याबरोबर पाठवला होता. दुर्पताबाईंचं उत्तर काल पोचलं, चार बोटं. गोधडीचं माप घ्यायला त्यांची हरकत नाही, हे बरं झालं. बोटं त्यांची की मनीरामची, हे मी दोनदा विचारून घेतलं. अद्दल घडली आहे.

सीट सोबत पाठवतो. चार बोटं फोम, वर जाड रेक्झिन, पुढे थोडा उंचवटा ठेवला आहे, म्हणजे उतारावर घसरणार नाहीस. शिवून झाल्यावर हिच्यावर मी बसलो नाही.

रुक्माला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तू भाऊ नाहीस, वैरी आहेस.’’ आणि निघून गेली. चार दिवस झाले, बोलत नाही. तू तुझ्या कामाकडे बघ.

मामा


कोसमटोला
१६ फेब्रुवारी २००८

आदरणीय मामाजी,
सप्रेम जय भीम.

काल साहेब सकाळी सात वाजता जीप घेऊन आले. जीप नाल्यापर्यंतच जाते. तिथे ते उतरले आणि म्हणाले, ‘‘जा. मी इथे थांबतो. मनीराम मागे बसेल आणि मला येऊन सांगेल.’’

पाणी ओलांडलं. चढाला लागले. पहिला गिअर, आणि गाडी एकदाही थांबली नाही. मनीराम मागून ओरडत होता, ‘‘धीरे जी, धीरे!’’ आणि मी धीरेच जात होते, पण जात होते. वर पोचलो. पुढे मोहाची पानगळ झाली आहे, सगळा रस्ता पिवळा. ऊन तिरपं येत होतं. मी किती वेळ चालवत होते ते मला सांगता येणार नाही. मग मनीराम म्हणाला, आलं. मी गाडी बंद केली.

कुंड लहानसंच आहे हो. दोन म्हशी बसतील एवढं. काळं पाणी, काठावर सांबराचे खूर उमटलेले. मनीराम विडी ओढायला बाजूला गेला. मी दगडावर बसले. माझ्या जंगलाचं हे टोक, आणि मी इथे स्वतःच्या गाडीने आले. पाण्यावर वारा येत होता, जात होता. मला काहीच करावंसं वाटत नव्हतं. आयुष्यात एवढी स्वस्थ मी कधी बसले नव्हते.

परत आल्यावर साहेबांनी मनीरामला काही विचारलं नाही. माझ्याकडे बघितलं, डायरी काढली, बीटसमोर माझं नाव लिहिलं आणि म्हणाले, ‘‘पाणी प्या, मॅडम.’’

उद्या रविवार. मी गाडीने कामठ्याला जाते आहे. मायला कळवू नका. ती दारात उभी राहून मला सगळ्या गल्लीसमोर शिव्या देईल, त्या मला ऐकायच्या आहेत. मग तिला मागे बसवून तळ्यापर्यंत नेईन. येणार नाही म्हणेल, पण येईल. तुमच्याशी बोलायलाही लावीन.

तुमच्यावरचा राग गेला का, असं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. दोन महिने तुम्ही मला झुलवलंत, त्याचा राग थोडा राहील. पण माझं रडकं पत्र हातात पडलं त्या दिवशी तुम्ही काहीच केलं नसतं तरी चाललं असतं, मामाजी. एक पत्र नुसतं लिहिलं नसतं की झालं असतं. माय खूश, तुम्ही सुटलात, आणि मी पंख्याखाली टेबलावर. टेबलाचं मला दुःख झालं नसतं, सवय होते. पण मला येत नाही, हे मी मरेपर्यंत खरं मानलं असतं.

तुमची,
रश्मी
वनरक्षक, कोसमटोला बीट